कार्डात जागा उरावी म्हणून फोटोचा दर्जा कमी करावा का?

प्रश्न : नेरूरपार

नमस्कार मंडळी,

मी कुडाळ तालुक्यात राहतो. आमच्या गावची जत्रा कार्तिकात असते आणि त्या रात्री देवळासमोर दशावताराचे नाटक होते. यंदा देवस्थान समितीने स्मरणिका काढायचे ठरवले असून तिच्यासाठी जत्रेचे आणि दशावताराचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी नावाच्या आकाराचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असलेला एक वापरलेला कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स (आकडा वाढला की दृश्य जवळ दिसते) आणि ६४ जीबीचे एक कार्ड एवढी सामग्री हाताशी आहे.

माझा गोंधळ मेनूपासून सुरू होतो. एके ठिकाणी मोठा, मध्यम आणि लहान असे फोटोचे आकार दिले आहेत, दुसऱ्या ठिकाणी फाइन, नॉर्मल आणि बेसिक असे दर्जे दिले आहेत, आणि त्याच यादीत रॉ हा आणखी एक पर्याय आहे. यांपैकी काहीही बदलले की पडद्यावरचा शिल्लक फोटोंचा आकडा बदलतो, त्यामुळे हे सगळे एकाच गोष्टीचे वेगवेगळे प्रकार आहेत की त्यांत मूलभूत फरक आहे, हे मला उमगत नाही. खेळ पहाटेपर्यंत चालतो आणि मध्ये घरी जाऊन कार्ड रिकामे करून आणणे शक्य नसते. अशा वेळी जागा वाचवण्यासाठी कशावर पाणी सोडावे आणि कशाला मुळीच हात लावू नये?

आणखी तीन शंका आहेत. ६४ जीबीचे कार्ड संगणकाला जोडल्यावर ५९ जीबीच दिसते, तर ते बनावट समजावे का? मोठे कार्ड घेतल्यास फोटो अधिक स्पष्ट येतात असे एका दुकानात मला सांगण्यात आले, त्यात तथ्य आहे का? आणि माझा फोन ५० मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे तो या कॅमेऱ्याच्या दुप्पट चांगला ठरतो का? शेवटचा प्रश्न बालिश वाटेल, पण समितीतल्या दोघांनी तो मला गंभीरपणे विचारला आहे आणि मला त्यांना उत्तर द्यायचे आहे.

---

उत्तर : सडा_कातळ

कार्डाचे आधी सांगतो, कारण तो विषय लवकर संपतो. केवळ ५९ हा आकडा पाहून तुमचे कार्ड बनावट म्हणता येणार नाही. कार्ड बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि त्यालाही जीबीच म्हणते. ६४०० कोटी बाइटना १०२४ ने तीनदा भागले की ५९.६ येतात, जागा कुठेही गेलेली नसते. बनावट कार्डाची फसवणूक याच्या अगदी उलट असते. ते संगणकाला छापील क्षमता पूर्ण दाखवते, पण आतली खरी जागा संपल्यानंतर जे लिहिले जाते ते नीट साठवतच नाही, आणि हे आपल्याला घरी येऊन फाइली उघडल्यावर कळते. म्हणून नवे कार्ड जत्रेला नेण्यापूर्वी ते एकदा काठोकाठ भरून, भरलेले सगळे परत वाचून पाहावे. हे काम करणारी एचटूटेस्टडब्ल्यू नावाची मोफत प्रणाली मिळते.

मोठ्या कार्डावर फोटो स्पष्ट येतात, हे मात्र खरे नाही. फोटो कसा येणार हे प्रकाश, लेन्स, सेन्सर आणि कॅमेऱ्यातली प्रक्रिया मिळून ठरवतात, आणि कार्डाकडे जी फाइल येते ती तयार होऊनच येते. कणगी मोठी घेतली म्हणून आतला तांदूळ बारीक होत नाही. मोठ्या कार्डाचा फायदा एवढाच, की दर्जा कमी करण्याचा मोह आपल्याला होत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ते दोन पर्याय एक नाहीत. आकार म्हणजे पिक्सेलची संख्या. तुमच्या कॅमेऱ्याचा मोठा फोटो ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेलचा असतो. अशा कॅमेऱ्यांत मध्यम फोटो साधारण ४५०० गुणिले ३००० चा, म्हणजे साडेतेरा मेगापिक्सेलचा, आणि लहान ३००० गुणिले २००० चा, म्हणजे ६ मेगापिक्सेलचा असतो. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी झाली की पिक्सेल चौथा हिस्सा उरतात, हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण याच हिशेबामुळे मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी बारकावा दुप्पट होत नाही. तो प्रत्येक दिशेने जेमतेम १.४ पट वाढतो.

फाइन, नॉर्मल आणि बेसिक यांत पिक्सेल तेवढेच राहतात. बदलते ते जेपीईजीचे, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलीचे, कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करणे). १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत फोटोचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातला जो बारीक चढउतार डोळ्याला सहसा जाणवत नाही तो टाकून देते, आणि रंगांचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा जास्त सढळपणे गाळते, कारण आपला डोळाही रंगांच्या बाबतीत तितका चोखंदळ नसतो. फाइनमध्ये ही गाळणी हलकी असते, तर बेसिकमध्ये इतकी कडक असते की देवळाच्या कळसासारख्या ठसठशीत कडेच्या आजूबाजूला आकाशात धुरकट किडे दिसू लागतात. जे एकदा गाळले गेले ते परत मिळत नाही. जेपीईजीची नुसती प्रत काढल्याने काही बिघडत नाही, पण फाइल उघडून, काही बदलून पुन्हा जेपीईजीतच साठवली की दर खेपेला गाळणी नव्याने लागते.

रॉ ही तिसरीच गोष्ट आहे. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची काच असते आणि त्यांपैकी निम्म्या काचा हिरव्या असतात. ही रचना कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची असून तिचे पेटंट १९७६ चे आहे. जेपीईजी तयार करताना कॅमेरा शेजारच्या पिक्सेलवरून उरलेले दोन रंग अंदाजाने भरतो, पांढऱ्याचा तोल (पांढरे पांढरेच दिसेल असा रंगांचा मेळ) ठरवतो, कणी (अंधारात फोटोवर येणारे दाणेदार ठिपके) घालवण्यासाठी फोटो थोडा पुसतो, आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवून बाकीचे सोडून देतो. रॉमध्ये यातले काहीही पक्के केलेले नसते, आणि १४ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या असतात. गंमत अशी की पूर्ण रंग भरलेला, न दाबलेला २४ मेगापिक्सेलचा फोटो पिक्सेलमागे तीन बाइट धरून ७२ एमबीचा होतो, तर न दाबलेली १४ बिटांची रॉ फाइल ४२ एमबीतच बसते, कारण तिच्यात पिक्सेलमागे रंग एकच असतो. बहुतेक कॅमेरे रॉदेखील दाबून ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती २५ एमबीच्या आसपास भरते.

तुमच्या कार्डाचा हिशेब यावरून मांडता येईल. मोठा फाइन फोटो सरासरी १२ एमबीचा धरला तर ६४ जीबीत सुमारे ५,३०० फोटो बसतात. नॉर्मल ६ एमबीचा धरला तर त्याच्या दुप्पट. रॉ २५ एमबीची धरली तर २,५०० च्या वर. आणि रॉ व फाइन दोन्ही एकदम ठेवले तरी सुमारे १,७००. एका रात्रीत १,७०० पेक्षा जास्त फोटो काढायचे असतील तर कार्डापेक्षा आधी बॅटरीची काळजी करावी लागेल. थोडक्यात, ज्या टंचाईवर तुम्ही उपाय शोधत आहात ती टंचाई केवळ फोटो काढणाऱ्याला सहसा जाणवत नाही.

आता एक प्रयोग सुचवतो. घराच्या गडग्याचा, म्हणजे शेवाळ धरलेल्या चिऱ्यांचा, एक फोटो काढा आणि लगेच त्याच सेटिंगवर निरभ्र आकाशाचा एक काढा. पिक्सेल दोन्हींत तेवढेच असतील, पण फाइलींच्या आकारात मोठी तफावत दिसेल, कारण चिऱ्याच्या प्रत्येक भोकात तपशील आहे आणि आकाशात गाळण्यासारखेच सगळे आहे. म्हणूनच पडद्यावरचा शिल्लक फोटोंचा आकडा हा कॅमेऱ्याचा अंदाज असतो, आणि म्हणूनच फाइल मोठी म्हणजे फोटो चांगला हे समीकरण टिकत नाही. रात्री आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवला की फोटोत कणी येते, कॉम्प्रेशनला ती कणी तपशिलासारखीच वाटते, आणि फाइल फुगते. वाईट फोटोची फाइल चांगल्या फोटोपेक्षा मोठी, असा प्रकार तुम्हाला जत्रेच्या रात्री हमखास पाहायला मिळेल.

तुमच्या कामातली खरी अडचण येथेच आहे. १८-५५ ची लेन्स ५५ वर एफ ५.६ इतकीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे भोक मोठे). संकासुर या दशावतारातल्या राक्षसाच्या उड्या किंवा लढाईचा प्रसंग गोठवायचा तर शटर सेकंदाच्या २०० व्या हिश्शाच्या आसपास ठेवावे लागते, आणि मग आयएसओ ६४०० किंवा त्याच्याही पुढे जातो. ५० मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स पूर्ण उघडली तर तिच्यातून साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत येतो, म्हणजे ६४०० च्या जागी साधारण ६४० ते ८०० वर काम भागते. आकार, दर्जा, कार्ड या सगळ्यांत मिळून जेवढा फरक पडेल त्याहून मोठा फरक या एका लेन्सने पडेल. फ्लॅशच्या वाटेला मात्र जाऊ नका. नटाच्या डोळ्यांवर तो मारणे गैर आहेच, शिवाय चेहऱ्यावरच्या रंगकामाचा सगळा उठाव त्याने सपाट होतो.

फोनचा प्रश्न बालिश नाही. ५० मेगापिक्सेलचे बहुतेक फोन शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटरचा आहे, आणि मध्यम किमतीच्या फोनचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या सातव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असतो. दुपारच्या उन्हात वेंगुर्ल्याच्या बंदरावर दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर समितीला फरक ओळखता येणार नाही, पण रात्री बारानंतर तो न सांगता दिसेल.

---

उत्तर : लग्नसराई

सडा_कातळ यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण रॉबद्दल मला वेगळे म्हणायचे आहे. मी चिपळूण परिसरात लग्नांचे काम करतो आणि दिवसा उजेडातले बरेचसे काम मोठ्या आकारात नॉर्मल दर्जावर घेतो. अल्बमच्या पानावर फाइन आणि नॉर्मल यांतला फरक आजवर एकाही यजमानाने मला दाखवलेला नाही, आणि खरे सांगायचे तर छापलेले पान हातात घेतल्यावर मलाही तो ओळखता येणार नाही. रॉ घेतली की प्रत्येक फोटो संगणकावर उघडून त्याचा निकाल लावावा लागतो. ज्याच्याकडे चांगला संगणक नाही, सवय नाही, आणि स्मरणिकेचा मजकूर छापखान्यात देण्याची तारीख डोक्यावर आहे, त्याच्यासाठी हजारभर रॉ फाइली म्हणजे गळ्यात पडलेली धोंड ठरते.

तरीही दशावतारासाठी मी स्वतः रॉ घेईन, आणि त्याचे कारण दिवे आहेत. हल्ली रंगमंचावर लाल-जांभळे एलईडी सर्रास असतात. त्या उजेडात कॅमेरा पांढऱ्याचा तोल चुकवतो आणि राजाचा भरजरी पोशाख, गालावरची लाली, मागचा पडदा हे सगळे एकाच जांभळ्या लगद्यात जाते. जेपीईजीत तो तोल पक्का झालेला असतो आणि नंतर फार ओढाताण केली की रंगांचे पट्टे दिसू लागतात. रॉमध्ये तो घरी शांतपणे बसवता येतो. एक मर्यादा मात्र ओळखून असावे: लाल रंग सेन्सरवरच भरून वाहिला असेल तर रॉदेखील काही करू शकत नाही, म्हणून अशा दिव्यांत फोटो किंचित अंधारा घ्यावा आणि पडद्यावर लाल रंगाचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) वेगळा पाहावा.

माझा सल्ला असा, की पालखी, दुकाने, देवळाचा परिसर हे मोठ्या फाइन जेपीईजीवर घ्या आणि खेळ सुरू झाला की रॉ व जेपीईजी दोन्ही घ्या. आकार मध्यम किंवा लहान करू नका. कॉम्प्रेशनमुळे गेलेले सहसा नजरेत भरत नाही, पण पिक्सेल कमी केलेत तर पुढे फोटो कातरायची वेळ आली की हात बांधले जातात. १२८ चे एक कार्ड घेण्याऐवजी ६४ ची दोन घ्यावीत, म्हणजे एक बिघडले तरी अर्धी रात्र हाती राहते. आणि जागेसाठी खेळ चालू असताना पडद्यावर बघून फोटो पुसत बसू नये. त्या लहान पडद्यावर जो फोटो हललेला वाटतो तो कधीकधी छापण्याजोगा निघतो.

---

नेरूरपार

दोघांचेही आभार. गडग्याचा प्रयोग आजच केला. चिऱ्यांच्या फोटोची फाइल आकाशाच्या फोटोच्या जवळजवळ तिप्पट भरली, आणि घरात मिणमिणत्या दिव्याखाली मोठ्या आयएसओवर काढलेल्या कोऱ्या भिंतीच्या फोटोने तर आकाशाला सहज मागे टाकले.

आता छपाईबद्दल विचारतो. स्मरणिका ए-फोर आकाराची असेल आणि मुखपृष्ठावर एक फोटो पूर्ण पानभर जाईल. शिवाय सभामंडपात लावण्यासाठी १२ गुणिले १८ इंचांची एक फ्रेम आणि प्रवेशद्वारावर १० फूट रुंदीचा फ्लेक्स करायचा आहे. छापखान्याने सगळे फोटो ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) द्या असे सांगितले आहे, पण माझ्या कॅमेऱ्याच्या फाइलीत कुठे ७२ दिसते तर कुठे ३००. गावातल्या काही जणांनी जुन्या जत्रांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले आहेत, ते छापता येतील का? आणि समितीला थोडे चित्रीकरणही हवे आहे.

---

उत्तर : शाईकागद

मी रत्नागिरीत छपाईच्या व्यवसायात आहे, त्यामुळे एवढ्यापुरते बोलतो.

फाइलीत लिहिलेले ७२ किंवा ३०० ही केवळ चिठ्ठी असते. ती बदलल्याने फोटोत काहीही बदलत नाही. छापखान्याला खरे म्हणायचे असते ते असे, की ज्या मापात फोटो छापायचा आहे त्या मापाच्या प्रत्येक इंचाला ३०० पिक्सेल मिळाले पाहिजेत. हा आकडा ऑफसेट छपाईत चित्र ज्या ठिपक्यांच्या जाळीने छापतात तिच्यावरून आला आहे. आर्ट पेपरवर साधारण इंचाला १५० लाइनची स्क्रीन, म्हणजे जाळी, वापरतात आणि तिच्या दुप्पट पिक्सेल दिले की जाळीला भरपूर माल मिळतो. म्हणजे ए-फोर पान, जे सुमारे ८.३ गुणिले ११.७ इंचांचे असते, त्याला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, आणि हे पावणेनऊ मेगापिक्सेलही होत नाहीत. तुमचा २४ मेगापिक्सेलचा फोटो त्यासाठी पुरून उरतो. मात्र मुखपृष्ठ उभे असते आणि रंगमंचाचे फोटो बहुतेक आडवे काढले जातात. आडव्या फोटोतून उभे पान कातरले तर ४००० पिक्सेल उंचीच्या प्रमाणात रुंदी सुमारे २८०० उरते. तेही चालते, पण मध्यम आकारात काढलेल्या फोटोचे असे पान कातरले की ३००० गुणिले २१०० च्या आसपास पिक्सेल राहतात आणि आमच्या माणसाची कुरकुर सुरू होते. तेव्हा मुखपृष्ठासाठी दोन-चार फोटो कॅमेरा उभा धरून काढावेत, आणि नाव छापायला वरती मोकळी जागा सोडावी, ही माझी हात जोडून विनंती समजा.

१८ इंच लांबीच्या फ्रेमला ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला ३३३ पडतात. मध्यम आकाराच्या फोटोतूनही इंचाला २५० मिळतात आणि भिंतीवर टांगलेल्या फ्रेमला तेवढे पुष्कळ झाले. फ्लेक्सची चिंता करूच नये. १० फूट म्हणजे १२० इंच, त्याला ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला ५० येतात, आणि फ्लेक्सकडे कोणी नाक लावून पाहत नाही; दहा-पंधरा पावलांवरून तो स्वच्छ दिसतो. लोकांची समजूत नेमकी उलटी असते, की मोठ्या फ्लेक्सला सर्वांत मोठी फाइल लागते. प्रत्यक्षात हातात धरून पाहायचे छापील पानच आम्हाला जास्त छळते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राची लांब बाजू सहसा १६०० पिक्सेलच्या आसपास आणून ठेवलेली असते आणि वर पुन्हा कडक कॉम्प्रेशन केलेले असते. ३०० च्या हिशेबाने ते पाच इंचांपर्यंत जाईल, म्हणजे पानावरच्या एखाद्या कोपऱ्यात शोभेल, पानभर नाही. ज्यांच्याकडे मूळ फाइल आहे त्यांना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवली की जशीच्या तशी येते. ज्यांच्याकडे कागदी फोटो आहेत त्यांना फोनने फोटोचा फोटो काढू देऊ नका. ते अल्बम घेऊन त्यांनाच बोलवा आणि स्कॅन करून घ्या. पाच इंच लांबीचा जुना फोटो ए-फोर पानाच्या लांबीइतका वाढवायचा असेल तर तो ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यास सुमारे २५० पडतात, आणि जुन्या कागदातूनच त्याहून फारसा तपशील मिळत नसल्याने तेवढ्यावर समाधान मानावे.

आणखी एक. रॉ फाइली आमच्याकडे पाठवू नका. आम्हाला तुम्ही तयार केलेली पूर्ण दर्जाची जेपीईजी किंवा टिफ हवी असते. रॉ उघडून रंग ठरवणे हे फोटो काढणाऱ्याचे काम आहे.

---

उत्तर : सडा_कातळ

लग्नसराई यांचे दिवसा आणि रात्रीचे विभाजन मला मान्य आहे. नॉर्मल दर्जाबद्दल त्यांच्याशी वाद घालण्याइतका फरक छपाईत उरत नाही, हेही खरे आहे. मी फाइनचा आग्रह धरतो तो फक्त यासाठी, की कार्ड स्वस्त झाले आहे आणि जत्रा वर्षातून एकदाच येते.

चित्रीकरण मात्र कार्ड खाते, आणि तुमच्या ६४ जीबीला खरी टंचाई भासलीच तर ती त्यामुळे भासेल. चित्रीकरणाचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्डाची जागा मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, त्यामुळे आधी आठाने भागावे. फुल एचडीसाठी सेकंदाला २४ मेगाबिट धरले तर सेकंदाला ३ एमबी, म्हणजे मिनिटाला १८० एमबी आणि तासाला सुमारे ११ जीबी लागतात. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर तासाला ४५ जीबी, म्हणजे तुमचे कार्ड दीड तासही पुरणार नाही. संपूर्ण खेळ चित्रित करण्याच्या भरीस न पडता सुरुवातीचे गणेशपूजन, संकासुराचा प्रवेश आणि शेवटचा दहीकाला एवढेच फुल एचडीत घ्यावे, आणि त्यासाठी लग्नसराई यांनी सुचवलेले दुसरे कार्ड राखून ठेवावे.

ते दुसरे कार्ड घेताना पाठीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. सेकंदाला १५० किंवा १७० एमबी असे जे ठळक छापलेले असते तो बहुधा कार्ड वाचण्याचा कमाल वेग असतो, तर आपल्याला हवा असतो लिहिण्याचा किमान वेग. तो व्ही३० अशा खुणेत दडलेला असतो. व्ही३० म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी, आणि गोलात १० लिहिलेली खूण म्हणजे किमान १० एमबी. २५ एमबीच्या रॉ फाइली एकामागोमाग एक काढल्या तर कॅमेरा त्या आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत साठवतो आणि मग कार्डावर उतरवतो. कार्ड मंद असेल तर लाल दिवा लुकलुकत राहतो आणि ऐन लढाईच्या प्रसंगी शटर दाबले जात नाही. फोटोचा दर्जा कार्डावर अवलंबून नसतो असे मी वर म्हटले ते कायम आहे, पण फोटो मिळणे न मिळणे मात्र असे कार्डावर अवलंबून असू शकते. तो लाल दिवा चालू असताना कार्ड किंवा बॅटरी काढणे म्हणजे फाइल अर्धवट तोडणे होय.

घरी आल्यावर कार्ड रिकामे करण्याची घाई करू नका. फाइली संगणकावर उतरवून, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन, दोन्हींतल्या काही फाइली उघडून पाहिल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करावे. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि प्रत घेण्याच्या मध्येच संगणक बंद पडला तर फाइलीचे नाव दिसते पण आत काही नसते. हजार रॉ फाइली म्हणजे २५ जीबी. म्हणजे पुढची अनेक वर्षे जत्रेचे फोटो एक टीबीच्या डिस्कमध्ये आरामात मावतील.

---

नेरूरपार

समितीने लेन्ससाठी भाड्याचे पैसे मंजूर केले आहेत. सावंतवाडीत एका ओळखीच्या माणसाकडे एफ १.८ च्या दोन लेन्स आहेत, एक ३५ ची आणि एक ५० ची. मला रंगमंचापासून साधारण वीस फुटांवर बसायला मिळेल. दोन्हींपैकी कोणती आणावी?

---

उत्तर : लग्नसराई

वीस फूट म्हणजे सहा मीटर. तुमच्या सेन्सरवर त्या अंतरावरून ५० च्या लेन्समध्ये सुमारे २.८ मीटर रुंदीचा भाग येतो आणि ३५ मध्ये ४ मीटरचा. दोन नट समोरासमोर उभे असतील तर ५० मध्ये ते चौकटभर येतील आणि एकही पिक्सेल वाया जाणार नाही. तोच प्रसंग ३५ ने घेऊन नंतर ५० इतका कातरला तर २४ पैकी जेमतेम १२ मेगापिक्सेल उरतील. दुसऱ्या बाजूने, पायपेटी आणि मृदंगवाल्यांसह पूर्ण रंगमंच हवा असेल तर ५० तोकडी पडेल, पण त्यासाठी तुमची १८-५५ आहेच. अशा दृश्यात हालचाल कमी असते आणि शटर मंद ठेवता येते. एकच आणायची असेल तर ५० आणा. पूर्ण उघडल्यावर ती कडेला किंचित मऊ वाटली तर एफ २.२ वर आणून पाहा, आणि फोकसचा बिंदू स्वतः नटाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. मुकुटावर चमचमणारे मणी असले की कॅमेरा आपण होऊन त्यांच्यावरच जाऊन बसतो.